पुस्तकातला आकडा

शोटो, मोंटाना
१४ एप्रिल १९९१

श्री. एमिल कुबिक यांस,

हे पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. हॅल्वर गेल्याचं मी ऑक्टोबरात कार्डावर कळवलं, तुम्ही फुलं पाठवलीत, त्यानंतर आपलं बोलणं झालेलं नाही. त्याआधीच्या सोळा-सतरा वर्षांतही कुठे झालं होतं म्हणा. तुमची पत्रं हॅल्वरच्या नावाने यायची, तो ती शेडमध्ये नेऊन वाचायचा, आणि मी विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं, काडतुसांचं."

आता काडतुसांचंच काम निघालं आहे, म्हणून लिहिते.

आमच्या कालव्याचं दार घरापासून अर्ध्या मैलावर, ओढ्याकाठच्या विलोच्या दाट झाडीत आहे, हे तुम्हाला आठवत असेल. मे ते सप्टेंबर रोज सकाळी तिथे जाऊन पाणी वळवावं लागतं. गेल्या आठवड्यात तिथल्या चिखलात ग्रिझली अस्वलाचं पाऊल उमटलेलं होतं. माझी टोपी त्यात आरामात बसली असती. मी मूर्खासारखं ते इन्ग्रिडला फोनवर सांगितलं. तिने तिकडे स्पोकेनला मागची खोली रंगवून ठेवलीच आहे. म्हणाली, "ममा, आता पुरे. जागा विक आणि ये." मी सहासष्ट वर्षांची आहे, लंगडत नाही, विसरत नाही. शेवटी आमचं दोघींचं ठरलं: जोवर मी एकटी त्या दारापर्यंत जाऊन परत येऊ शकते तोवर मी इथे. ज्या दिवशी पाय घाबरेल त्या दिवशी मी स्वतः फोन करायचा. मी शब्द दिला आहे आणि मी तो पाळणार.

हॅल्वरचं चव्वेचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्वर मी कमरेला लावून जाते. प्रश्न काडतुसांचा आहे. त्याने माझ्यासाठी घरी भरलेली फक्त अकरा उरली आहेत. शेजारच्या कर्टिस नोलनने दुकानातली दिली, त्यातलं एकच उडवलं आणि हात संध्याकाळपर्यंत बधिर. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात बर्फावर पडून उजवं मनगट मोडलं होतं, ते अजून हिशेब ठेवून आहे. हॅल्वरची काडतुसं मात्र मी दिवसभर उडवू शकते.

ती मला स्वतः भरायची आहेत. त्याच्या शेडमध्ये सगळं आहे: दाबयंत्र, तराजू, शिशाच्या गोळ्या, बारुदीचा डबा. नाही ती एकच गोष्ट, बारूद किती घालायची ती. डब्यावर त्याच्या अक्षरात एवढंच: "व्हर्ना – १०१०." म्हणजे सेकंदाला एक हजार दहा फूट, हे कर्टिसने सांगितलं. कपाटात वेगवेगळ्या वर्षांची तीन पुस्तकं आहेत. तीच गोळी, तीच बारूद, आणि तिन्हींत तीन मापं. यातलं खोटं कोण बोलतंय?

हॅल्वरने तुम्हाला कधी हे माप कळवलं असेल तर कृपा करून कळवा.

आपली,
व्हर्ना स्कॉगस्टॅड


ऑर्ड, नेब्रास्का
२३ एप्रिल १९९१

प्रिय व्हर्ना,

तुझ्या लग्नात दोन्ही अंगठ्या माझ्या कोटाच्या खिशात होत्या. एक अस्तराच्या भोकातून खाली उतरली तेव्हा तू नवरीच्या जाळीदार ओढणीसकट खाली बसून माझं अस्तर फाडलंस. त्या माणसाला "श्री. कुबिक" आणि "तुम्ही"? पुन्हा असं लिहिलंस तर मीही तुला "माननीय श्रीमती स्कॉगस्टॅड" लिहीन आणि प्रत्येक वाक्यानंतर टोपी काढीन.

फोन मात्र करू नकोस. कोरियातल्या तोफांनी एक कान नेला आणि एकतीस वर्षांच्या शाळामास्तरकीने दुसरा. फोनवर मला नुसत्या मधमाश्या ऐकू येतात.

आता पुस्तकांचं. खोटं कोणी बोलत नाही. तीन घरांत एकाच कृतीने पाव केला तरी तीन पाव वेगळे होतात, कारण पीठ वेगळं, भट्टी वेगळी. तसंच प्रत्येक पुस्तकवाल्याने आपल्या नळीतून, त्या वर्षीच्या बारुदीने गोळ्या मारल्या आणि जे आलं ते छापलं. तू नव्यात नवं पुस्तक घे आणि त्यातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात कर. प्रत्येक माप तराजूवर तोल. गोळी बसवण्याआधी काडतुसांच्या सगळ्या पितळी पुंगळ्या एका ओळीत उभ्या करून आत बॅटरी मार. एखाद्या पुंगळीत दोनदा बारूद पडली असेल तर तिथेच दिसेल, आणि ती दिसलीच पाहिजे. पुस्तकातल्या वरच्या मापाच्या पुढे जायचं नाही. यावर चर्चा नाही. वर्गात मी चर्चा होऊ देत नसे आणि इथेही देणार नाही.

हॅल्वरचं माप किती, हे त्याच्या काडतुसालाच विचारायचं. वेगळ्या पार्सलने माझं वेगमापक यंत्र पाठवतोय. पेटीवर दोन डोळे आहेत, त्यांच्यावर तारांच्या कमानी. कमानींमधून गोळी गेली की पेटीवर आकडा उमटतो. पोरांना गतीचे नियम शिकवायला शाळेत न्यायचो, आता मला लागत नाही. त्याच्या अकरातली दोन उडव आणि आकडा लिहून ठेव. मग तुझी कमी मापाची उडव आणि जरा जरा चढत जा. दोन्ही आकडे जुळले की तुला त्याचं काडतूस मिळालं.

त्याने मला कळवलं होतं का ते आठवत नाही. तीस वर्षांची पत्रं खोक्यांत पडली आहेत. बघतो.

अस्वलाला सांग, घाई करू नकोस.

तुझा,
एमिल


शोटो
१२ मे १९९१

प्रिय एमिल,

बरं, "तू." पण अस्तर तू स्वतः फाडलंस, मी फक्त धरलं होतं.

यंत्र सुखरूप पोहोचलं. आता सुखरूप नाही. पहिल्याच दिवशी मी ते खडीच्या खाणीत तिकाटण्यावर ठेवलं, कमानी लावल्या, दहा पावलं मागे येऊन नेम धरला आणि पुढची कमान उडवली. कर्टिस हसून हसून खडीवर बसला. मग मला म्हणाला, की ज्याने ज्याने हे यंत्र घेतलं त्याने त्याने एकदा तरी त्यालाच गोळी घातली आहे, फक्त कबूल कोणी करत नाही. मी करते. कपडे वाळत घालायच्या तारेची नवी कमान केली आहे. पेटीला ओरखडाही नाही.

काडतुसं भरायला मात्र मला मनापासून आवडलं. शेडमध्ये त्याचा स्टूल, त्याचा कॉफीचा डाग पडलेला मेज, आणि तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघत श्वास धरून बसणं. इतके महिने मी त्या शेडचं दारही उघडलं नव्हतं. दाबयंत्राच्या एका बाजूचं स्क्रू फिरवायचं चाक खास डाव्या हातासाठी त्याने लाकडाने मोठं करून घेतलेलं आहे. दोन बोटं गेल्यावर त्याला बारीक चाक धरता येईना, हे तुला माहीतच आहे. तू तेव्हा इथे होतास.

आता आकडे. हॅल्वरची दोन उडवली: ८३८ आणि ८५१. माझी कमी मापाची सहा उडवली: सरासरी ७८२. आणि डब्यावर काय आहे? १०१०. पुस्तकातही वरच्या मापापुढे नेमकं १०१० छापलंय. एमिल, मी त्या खाणीत उभी राहिले आणि मला रडू आलं. तो माणूस गाय विकतानाही तिचा लाथाडायचा स्वभाव आधी सांगायचा. त्याने माझ्यासाठीच्या डब्यावर खोटा आकडा का लिहावा? मग मला वाटलं, शेवटच्या वर्षांत त्याची नजर अधू झाली असेल, तराजू नीट दिसत नसेल, आणि त्याने ते माझ्यापासून लपवलं असेल. आणि मी त्या काडतुसांवर भरवसा ठेवून रोज झाडीत जात होते. कर्टिस म्हणतो, साडेआठशेला अस्वल अंग खाजवेल फक्त.

म्हणून मी ठरवलंय. मला आता त्याचं काडतूस नको, पुस्तकातलं हवं. मी वरच्या मापापर्यंत चढून पाहिलं, तर यंत्र म्हणतं ८९५. पुस्तकापेक्षा शंभरावर फूट कमी. बारूद जुनी झाली असणार. तू म्हणशील, वरच्या मापाच्या पुढे जायचं नाही. पण मास्तर, विचार कर. वेग पुस्तकापेक्षा कमी पडतोय, म्हणजे आतला जोरही पुस्तकापेक्षा कमीच असणार. मग थोडी भर घालायला जागा आहेच ना? बारूद अर्ध्या अर्ध्या ग्रेन वजनाने चढवते. यंत्राने १०१० दाखवलं की थांबेन, त्याच्या पुढे एक फूटही नाही. मनगटाला पट्टा बांधीन. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला कर्टिस मदतीला येतोय.

एक विचारायचं होतं. हॅल्वरची बोटं गेल्यावर तू एकदाही आला नाहीस. त्याआधी दर ऑगस्टला यायचास. अंत्यविधीलाही नाहीस. कारण मला माहीत आहे असं मला वाटतं, आणि मी तुला दोष देत नाही. पण हॅल्वर दर ऑगस्टला वाट बघायचा.

व्हर्ना


ऑर्ड
१७ मे १९९१, शुक्रवार

व्हर्ना,

भर घालू नकोस. रिव्हॉल्वरला हात लावू नकोस. वरच्या मापाच्या पुढे भरलेलं एकही काडतूस असेल तर ते बाजूला ठेव आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र आज सकाळी आलं. पोस्टातल्या मुलीला तीनदा तुझा फोन लावायला लावला. वाजतोय आणि कोणी उचलत नाही म्हणाली. तू पाण्याचे पाइप हलवायला शेतात असशील. हे मी सर्वांत जलद टपालाने पाठवतोय, तरी शनिवारी पोहोचेल की सोमवारी, ते कोणी खात्रीने सांगत नाही.

"वेग कमी आहे, म्हणजे आतला जोरही कमी, मग भर घालायला जागा आहे." हे वाक्य माझं आहे. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये, तुमच्याच खडीच्या खाणीत मी ते हॅल्वरला म्हटलं होतं. तू अंडी घेऊन गावात गेली होतीस. मी कॉलेजातून एक वेगमापक मागून आणलं होतं, तेव्हा ते शेतकऱ्याच्या घरी बघायलाही मिळत नसे. आम्ही वीस वर्षं पुस्तकातले आकडे डब्यांवर लिहीत होतो, आणि यंत्र म्हणालं, शंभर-दीडशे फूट कमी. मला राग आला. मी विज्ञानाचा मास्तर, छापलेला आकडा मला मिळालाच पाहिजे. मी अर्धा अर्धा ग्रेन चढवत गेलो. एक पुंगळी अडकली, ती हातोडीने ठोकून काढावी लागली. हॅल्वर म्हणाला, "एमिल, रिव्हॉल्वर नको म्हणतंय. बस झालं." मी म्हणालो, "अजून दोन पायऱ्या." रिव्हॉल्वर त्याचं होतं, म्हणून तो उडवत होता आणि मी यंत्राजवळ बसून आकडे लिहीत होतो.

दुसऱ्या पायरीला सहा गोळ्यांची चकरी फुटली. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या चकरीने नेली. गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरने नाही.

त्याने हॉस्पिटलच्या वाटेवर माझ्या ट्रकमध्ये रुमालात हात गुंडाळून ठरवलं, की बेलर म्हणायचं. त्याने तुला शब्द दिला होता म्हणे, की पुस्तकाबाहेर जाणार नाही. तुझ्यासमोर मूर्ख ठरायची त्याला लाज वाटली. डॉक्टरलाही त्याने गळ घातली. मी गप्प बसलो, कारण मला त्याच्यापेक्षा दसपट लाज वाटत होती. फुटलेलं रिव्हॉल्वर मी बरोबर घेऊन आलो; तुझ्या कमरेला आहे ते त्याने नंतर घेतलेलं. त्या दिवसानंतर मी गोळी झाडलेली नाही. यंत्र नंतर शाळेसाठी घेतलं, ते पोरांना चेंडूंचा वेग मोजून दाखवायला. आणि तुझ्या दारात उभं राहून तुझ्या हातची कॉफी पिणं मला जमलं नसतं, म्हणून आलो नाही.

आता हे नीट समजून घे. पुस्तकाच्या त्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय: चाचणीची नळी. ती दहा इंच लांब असते आणि तिला कुठेही फट नसते. तुझ्या रिव्हॉल्वरची नळी पाच इंचांचीही नाही, आणि चकरी व नळी यांच्यात कागद जाईल एवढी फट आहे. प्रत्येक गोळीला थोडा वायू तिथून निसटतो. तुझी बारूद जुनी नाही, हॅल्वरचा तराजू खोटा नव्हता. छापलेला वेग त्या रिव्हॉल्वरला कधीच मिळणार नाही. मिळवायला गेलीस तर वेग यायच्या आधी लोखंड जाईल. यंत्र फक्त वेग मोजतं, आतला जोर मोजत नाही. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण ते लिहिलं की चौऱ्याहत्तरचं लिहावं लागलं असतं.

आणि मी खोटं बोललो, व्हर्ना. त्याने मला माप कळवलं होतं. पत्र खोक्यात नव्हतं, माझ्या मेजाच्या खणात होतं. तुला ते एप्रिलमध्येच पाठवलं असतं तर तू यंत्राच्या नादी लागली नसतीस. पण त्याच कागदावर बोटांचाही उल्लेख आहे, म्हणून मी तुला आकड्यांच्या मागे धाडलं. ते पत्र यासोबत ठेवलंय. ते तुझंच आहे.

एमिल


(सोबतचं पत्र)

शोटो, ६ मार्च १९८३

एमिल,

व्हर्नाचं मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं नाही. तिच्यासाठी नवं माप बसवलंय, मागच्या बाजूला सगळं लिहिलं आहे. जड शिसं, वेग बेताचा. खाणीत मेलेल्या घोड्याच्या खांद्यातून आरपार गेलं, म्हणजे अस्वलालाही पुरेल. ती याने सहाच्या सहा पाईच्या थाळीएवढ्या निशाणात मारते. मला सहातली चार जमतात, पण हे तिला सांगितलेलं नाही.

डब्यावर मात्र पुस्तकातलाच मोठा आकडा लिहिलाय. खरा लिहिला तर म्हणेल, मला पोरींचं काडतूस देतोस का, आणि हट्टाने मोठं मागून घेईल. तू तिला ओळखतोस.

बोटांचं तिला कधी बोलू नकोस. बेलरचं नाव आहे ते राहू दे, बेलरला काय वाईट वाटणार आहे. आणि तू येत जा रे. मी काही बोटं मोजत बसत नाही.

हॅल्वर


ऑर्ड
३१ मे १९९१

व्हर्ना,

दोन आठवडे झाले. शिव्या दे, पण काहीतरी लिही. नुसतं नाव लिहिलेलं कार्ड टाकलंस तरी चालेल, तुझ्या उजव्या हाताने लिहिलेलं असू दे एवढंच. पोस्टातली मुलगी आता मला बघून मान खाली घालते.

एमिल


शोटो
९ जून १९९१

एमिल,

उजव्या हातानेच लिहिते आहे. दहाही बोटं जागेवर आहेत. आधी हे सांगायला हवं होतं, पण मला तुला तीन आठवडे टांगून ठेवायचं होतं. ठेवलं.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. रविवार होऊन गेला होता. आम्ही तीन पायऱ्या चढलो होतो. तिसरीला पुंगळी अडकली आणि कर्टिसने लाकडाच्या दांडक्याने ठोकून काढली. यंत्र ९६० म्हणालं. कर्टिस म्हणाला, "आता पन्नासच राहिले, अजून एक पायरी." पुढच्या पायरीची सहा काडतुसं मी भरून आणली होती. मी चकरीत घातलीही. मग वारा सुटला आणि यंत्र तिकाटण्यासकट आडवं झालं, म्हणून आम्ही उद्यावर टाकलं. सोमवारी दुपारी मी ती सहा काडतुसं खिशात घालूनच टपालपेटीपर्यंत गेले होते. तुझं पत्र तिथेच उभ्याने वाचलं. मग घरी येऊन एक एक गोळी उपटून काढली आणि बारूद बागेत ओतली. पहिलीलाच अर्धा तास लागला. कर्टिसलाही तुझं पत्र वाचायला दिलं. तो दोन दिवस माझ्यासमोर आला नाही, तिसऱ्या दिवशी न सांगता माझं कुंपण नीट करून गेला.

नंतर मला संताप आला. तुझाही आणि त्याचाही. स्मृतिदिनाला सगळं गाव फुलं घेऊन कबरस्तानात जातं, तशी मीही गेले, आणि लायलॅक खाली ठेवायच्या आधी त्याला उभ्याउभ्या झाडला. पास्टरची बायको शेजारच्या कबरीवर होती, ती लांब निघून गेली. मला पोरींचं काडतूस आवडलं नसतं हे मात्र त्याने बरोबर ओळखलं होतं, ते मी त्याला सांगितलं.

त्याच्या मापाने सहा भरून पाहिली. ८३९, ८४४, ८५०, ८४१, ८४७, ८४६. सहाच्या सहा थाळीत. रोज सकाळी दारापर्यंत जाते. गुरुवारी ते अस्वल ओढ्यापलीकडे दिसलं. मी हात रिव्हॉल्वरवर ठेवून मोठ्याने त्याला हवामानाबद्दल बोलत राहिले, ते कंटाळून निघून गेलं. पाय घाबरला नाही. इन्ग्रिडला कळवलंय, की मागची खोली भाड्याने दे.

आता तुला एक सांगायचं आहे, जे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तू का येत नाहीस हे मला माहीत आहे असं मी लिहिलं होतं ना, ते काय होतं ते ऐक.

चौऱ्याहत्तरच्या त्या दिवशी सकाळी बेलरच्या पट्ट्यात सुतळी अडकली होती. मी पट्ट्यावरचं लोखंडी झाकण काढलं, सुतळी ओढली, आणि गावात जायची घाई म्हणून झाकण गवतात तसंच ठेवून गेले. परत आले तर चुलत दीर फाटकात उभा होता, म्हणाला, हॅल्वरचा हात बेलरमध्ये गेला. हॉस्पिटलला जायच्या आधी मी धावत शेतात गेले आणि ते झाकण परत बसवलं, चारही बोल्ट आवळून. कोणाला कळू नये म्हणून. यंत्रावर रक्ताचा थेंब नव्हता. मला वाटलं, तू पुसलंस. तू ते उघडं झाकण पाहिलंस, सगळं समजलास, माझ्यासाठी रक्त पुसून टाकलंस, आणि मग माझं तोंड बघायची तुला इच्छा उरली नाही. म्हणून तुला मी "तुम्ही" लिहीत होते.

सोळा वर्षं मी त्याच्या मनगटाची बटणं लावली, त्याचं मांस कापून दिलं, त्याने नको म्हटलं तरी. त्याला वाटत असेल, बायको प्रेमळ आहे. मी प्रेमळ होतेही, पण प्रत्येक बटणाला मला ते झाकण दिसायचं. मी दाराआड त्याच्यापासून लपत होते आणि तो दाराच्या दुसऱ्या बाजूला माझ्यापासून, आणि जेवायला आम्ही एकाच टेबलाशी बसत होतो.

तुला माफ केलं असं लिहायला चारदा बसले. अजून तरी लिहवत नाही. तू खोटं बोलून मला त्या खाणीत धाडलंस, आणि खरं बोलून तिथून परतही आणलंस. यातलं कोणतं मोठं ते मी ठरवू शकलेले नाही. पण हॅल्वर तरुण होता तेव्हा कसा होता हे माहीत असलेलं दुसरं कोणी आता उरलं नाही. ऑगस्टमध्ये ये. कॉफी मी देईन, ती पिणं तुला जमवावं लागेल. बस ग्रेट फॉल्सला थांबते, तिथून कर्टिस आणेल.

आणि हे एक, जे मी गेले तीन आठवडे कालव्याकडे जाताना रोज मनात घोळवते आहे. हॉस्पिटलमध्ये मी त्याच्या खाटेजवळ गेले, त्याचा बांधलेला हात पाहिला आणि म्हटलं, "हॅल्वर, चुकलं माझं." त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "यात तुझी काही चूक नाही, व्हर्ना. अजिबात नाही." सतरा वर्षं मी समजत होते, की केवढं मोठं मन आहे या माणसाचं. एमिल, तो नुसतं खरं सांगत होता.

तुझी,
व्हर्ना